आक्का रोज मोबाईल तपासायची

आज दुपारी शेजारची सुनीताक्का लेकीचा मोबाईल घेऊन आली. "पोरगी जेवंना, बोलंना. ह्यात काय लिवलंय वाच गं."

लेक सातवीत, कन्नड शाळेत. आक्का रोज तिचा मोबाईल तपासायची. पण आमच्या सीमाभागातल्या निपाणीत अनेकांचं असतं तेच तिचं. कन्नड घडाघडा बोलते, वाचता येत नाही. ती नुसते फोटो बघायची.

मी ते कन्नड मेसेज मोठ्यानं वाचत गेले. गेममध्ये भेटलेला कुणी 'अण्णा' होता. आधी कौतुक, मग फोटोची मागणी, मग धमकी. मध्येच त्याची एक ओळ होती: "कन्नडमध्येच लिही, आईला वाचता येत नाही."

"बास गं," आक्का म्हणाली, "ऐकल्यालं समदं कळतंय मला."

आत्ताच पोलिसांत तक्रार देऊन आलो. तुमची पोरं मोबाईलवर ज्या भाषेत लिहितात, ती तुम्हाला वाचता येते का?