चिमट्यासारखा तुकडा

धाकटा भाऊ जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याला रांधून घालायला मी दोंडाईच्याहून आले आणि मेहरूणच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहिलो. तेवढं एकच वर्ष मला कुणासमोर बोलायची भीड वाटली नाही.

तो विजेची तोफ बनवत होता. तिला दारू लागत नव्हती. तांब्याच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी, मध्ये ॲल्युमिनियमचा बोटभर तुकडा. कंडेन्सरमध्ये साठवलेली वीज एका पट्टीतून तुकड्यात आणि तुकड्यातून दुसऱ्या पट्टीत गेली की तुकडा पुढे सुटायला हवा. तो करवतीनं तुकडे कापायचा, मी कानशीनं घासायचे. पण सैल तुकडा ठिणग्या पाडून जागीच चिकटायचा, आणि घट्ट केला तर हलायचाच नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत उडाला तर पुण्याच्या लष्करी प्रयोगशाळेत नोकरीसाठी शब्द टाकतो, असं त्याच्या सरांनी सांगितलं होतं.

उपाय मला रोज दिसत होता. चिमटा मी फडताळाच्या दोन फळ्यांमध्ये दाबून ठेवायचे. पाय फाकवून तो दोन्हीकडे टेकून राहायचा, आणि ओढला की सरकत यायचा. तुकड्याला असेच पाय हवे होते. पण तुकडा उडाला की भाऊ जाणार. मी आठ दिवस काही बोलले नाही.

नवव्या दिवशी अर्धी भाकरी टाकून तो उठला. म्हणाला, "अक्का, मना हातनं हाई व्हनार नही."

मी चिमटा ओढून त्याच्यासमोर धरला. "असा कर," एवढंच म्हणाले.

तो हसला. "कॉलेजमा तूच जावाले पाहिजे व्हती."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं दोन पायांचा तुकडा कापला. पाय घासून मीच थोडे फाकवले. फाट्‌कन आवाज झाला आणि तुकडा समोर ठेवलेल्या कापसाच्या गोणीत शिरला. दोघांनी कापूस उपसून तो शोधला. अजून गरम होता.

जूनमध्ये तो पुण्याला गेला, मी परत दोंडाईच्याला. कामाचं काही लिहिता येत नाही, असं पत्रात असतं. एकदाच लिहिलं होतं, तुकडे आता मोठे असतात, पण पाय फाकवलेलेच.

त्या आठ दिवसांचं मी त्याला सांगितलेलं नाही. तेव्हा आखाजीला बाराच दिवस उरले होते. तेवढे आणखी गप्प बसले असते तर, असं अजून मनात येतं. आखाजीला गल्लीतल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात. मी दारात उभी राहून स्टेशनकडून येणाऱ्या वाटेकडे बघते.