साठाच्या पुढची थरथर

भिवाची गाडी सुरू झाली की मागे बसलेल्या माणसाला हातखंब्याचा फाटा यायच्या आत डुलकी लागायची. रत्नागिरीच्या टॅक्सीस्टँडवर त्याची ख्याती ती एवढीच, आणि त्याला ती पुरेशी होती. गाडी म्हणजे जुनी पांढरी अँबॅसिडर, दोन-तीन मालक बघून त्याच्या दारात आलेली. पण भिवाच्या हाती ती गरीब गाईसारखी चालायची. म्हातारी माणसं, बाळंतिणी, ऑपरेशन करून परतणारे पेशंट, सगळे त्यालाच शोधत यायचे.

भिवा भाट्याच्या खाडीकाठचा. त्याचा बाप दाजी तांडेल, मचव्याचं सुकाणू धरणारा माणूस. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी आणि समुद्राची लाट एकमेकांवर आपटतात, तिथून दाजी मचवा असा काढायचा की आत बसलेल्यांना कळायचंही नाही. एका सकाळी त्याच जागी त्याचे हात सुकाणूवर थरथरले. खलाशांनी पाहिलं. एकजण पुढे झाला आणि त्यानं सुकाणू आपल्या हातात घेतलं. दाजी पुन्हा मचव्यावर चढला नाही. भिवा तेव्हा ऐन विशीत होता आणि त्याच मचव्यावर होता. बापाचा तो खाली घातलेला चेहरा बघितल्यावर त्याचंही मन दर्यावरून उडालं. तो मासळीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढला आणि ड्रायव्हर होऊन उतरला.

चौऱ्याऐंशी सालची दिवाळी उलटली आणि पालीच्या अलीकडे, सड्यावरच्या, कातळाच्या माळावरच्या, सरळ रस्त्यावर, त्याला पहिल्यांदा ते जाणवलं. गाडी माणसांनी भरलेली होती. काटा साठाच्या पुढे सरकला आणि बैठकीतून, पाठीतून, हातांच्या बोटांतून एक बारीक थरथर चढत गेली. वेग उतरवला, गेली. पुन्हा वाढवला, पुन्हा आली.

आधी त्याला काही वाटलं नाही. जुनी गाडी, कुरकुरणारच. त्यानं चाकांचे नट आवळले. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे घालून बघितली. एका टायरला फुगवटा होता, तो बदलला. पण पॅसेंजर भरून सड्यावर आला, की साठाच्या पुढे ती थरथर हजर. शेवटी त्यानं गाडी केरूकडे नेली. केरू त्याचा नेहमीचा मेकॅनिक. केरूनं इंजिनाखालची रबरं तपासली, कुवारबावच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवून आणली आणि हात पुसत म्हणाला, "भिवा, मला तर काय सापडत नाय. सत्तरपर्यंत नेली."

भिवाचा विश्वास बसेना. स्टँडवर त्याच्या शेजारी गाडी लावणारा भागोजी एकदा पालीला निघाला होता, त्याला भिवा म्हणाला, "माझी घेऊन जा, नि बघ." भागोजी एकटाच गेला, एकटाच आला.

"लोण्यासारखी चालते रे," भागोजी किल्ली देत म्हणाला. "तुला भास होतोय."

भास. दोन जाणत्या माणसांनी गाडी चालवली, दोघांनाही काही जाणवलं नाही. मग थरथरतंय ते काय?

त्या दिवसापासून तो आपल्या हातांवर पाळत ठेवू लागला. दाढी करताना वस्तरा हनुवटीशी आला की तो श्वास रोखायचा. चहाची बशी हातात घेणं त्यानं बंद केलं, कप खाली ठेवूनच प्यायला लागला. हात पुढे धरून बोटांकडे बघत राहिलं तर कुणाचीही बोटं जराशी हलतातच, पण हे त्याला सांगणार कोण? त्यानं कुणाला विचारलंच नव्हतं. पॅसेंजरांना तर कसं विचारणार? 'गाडी थरथरते का हो' असं ड्रायव्हरनंच विचारलं, तर उद्या कोण बसेल? बाप ज्या वयात मचव्यावरून उतरला, ते वय भिवाला आता लागलं होतं.

लांबची भाडी तो टाळू लागला. पण महिपतला नाही म्हणता आलं नाही. महिपत पालीच्या पलीकडचा शेतकरी, जुनं गिऱ्हाईक. त्याच्या आईचं मिरजेला डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, तिला घरी आणायचं होतं. येताना गाडीत महिपत, त्याची आई, बायको, भाऊ, आणि डिकीत सामान. मिरजेपासून भिवानं काटा साठाच्या आत ठेवला होता, आंबा घाटही तो हळूहळू उतरला, काही झालं नाही. साखरपा मागे पडलं, रस्ता सरळ झाला, दुपारचं ऊन रस्त्यावर पसरलेलं. गाडी आपसूक वेगात आली आणि थरथर उठली. या वेळी ती बारीक नव्हती. दातांपर्यंत पोचली. समोरून ट्रक येत होता. भिवानं स्टिअरिंग इतकं घट्ट आवळलं की गाडी वीतभर उजवीकडे सरकली. ट्रकनं मोठ्यानं हॉर्न मारला, वाऱ्याचा झपाटा खिडकीतून आत आला आणि ट्रक निघून गेला.

भिवानं गाडी बाजूला घेतली. त्याच्या अंगाला घाम सुटला होता.

"काय झाला?" महिपतनं विचारलं.

"इंजिन तापलाय."

डोळ्यांवर पट्टी बांधलेली म्हातारी मागून म्हणाली, "पोचलो काय रे?"

भिवानं गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. महिपतचं घर येईपर्यंत त्यानं काटा चाळिसाच्या वर जाऊ दिला नाही.

संध्याकाळी घरी येऊन त्यानं गाडीची किल्ली देवाच्या फळीवर ठेवली. त्याची बायको गुणवंती मासे साफ करत होती.

"उद्या भागोजीला सांगतो," तो म्हणाला. "गाडी त्यानं चालवावी. माझ्यानं व्हायचा नाय."

गुणवंतीचा हात थांबला. "कशाला?"

मग त्यानं सगळं सांगितलं. केरू, भागोजी, ट्रक, आणि शेवटी बापाचे हात. सांगताना आवाज फुटला, तेव्हा तो दाराबाहेर बघत राहिला.

गुणवंतीनं हात धुतले. "सकाळी मना घेऊन चला. मी बाजूला बसतंय. काय थरथरता ता बगूया."

सकाळी दोघं निघाली. हातखंबा मागे पडलं, सडा आला. दोन्ही बाजूंना काळा कातळ आणि मध्ये सरळ रस्ता. भिवानं दात आवळले आणि पाय दाबला. पन्नास. साठ. पासष्ट. गाडी तिच्या जुन्या दिवसांसारखी सरळ चालत होती.

"कुठाय?" गुणवंतीनं विचारलं.

भिवाला आनंद झाला नाही, उलट तो अधिकच घाबरला. म्हणजे पॅसेंजर नसले की हात नीट. माणसं बसली, त्यांचा जीव आपल्या हातात आला, की थरथर सुरू. बापाचंही असंच होतं का? मचवा रिकामा असताना कधी थरथरले होते का त्याचे हात? भिवानं पालीला गाडी वळवली.

पालीच्या बाजारात सुकी मासळी विकून आलेल्या बायका एसटीची वाट बघत उभ्या होत्या. त्यांत जनी होती, गुणवंतीच्या ओळखीची, अंगानं भरलेली, तोंडानं फटकळ. गुणवंतीनं खिडकीतून हाक मारली, "जनी, चला सगळ्या, सोडतंव!"

भिवा म्हणाला, "नको."

"बसू द्या."

चार बायका मागे कोंबून बसल्या. टोपल्या डिकीत गेल्या. गाडी मागून दबली. सड्यावर आल्यावर भिवानं पुन्हा पाय दाबला. साठ झाले, आणि ती आली.

"आयली," तो पुटपुटला. "बग माझे हात."

गुणवंतीनं त्याच्या हातांकडे बघितलंच नाही. तिनं चपला काढल्या आणि दोन्ही तळवे गाडीच्या तळाला टेकवले. "अवो," ती म्हणाली, "माझ्या पायांना मुंग्या येतायत. ह्या खालून येतंय."

मागून जनी ओरडली, "भिवादादा, आमच्या खाली काय बांधलाय? ढुंगण बधिर झाला माझा!"

बायका खिदळल्या. भिवा हसला नाही. उतार लागला तसा त्यानं गिअर काढून गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. इंजिनाचा आवाज बसला. थरथर तशीच. म्हणजे इंजिन नव्हे. चाकं तर केव्हाच बदलून झाली होती. आणि एकदम त्याच्या ध्यानात आलं: केरूनं गाडी रिकामी चालवली. भागोजीनं रिकामी चालवली. मघाशी आपण दोघंच होतो. मागे वजन पडलं, की येते.

त्यानं वेग उतरवला आणि बायकांना अलगद त्यांच्या दारापर्यंत सोडलं. तिथून तो सरळ गॅरेजवर गेला.

केरूनं गाडी खालून बघायच्या खड्ड्यावर घेतली. गॅरेजमधली चार धट्टीकट्टी माणसं मागच्या सीटवर बसवली आणि स्वतः खाली उतरला. इंजिनाचा फेर मागच्या चाकांपर्यंत नेणारा तो लांब लोखंडी शाफ्ट त्यानं दोन्ही हातांनी धरून हलवला. टोकाच्या सांध्यातून कट्‌कट्‌ आवाज आला. त्या सांध्याला मेकॅनिक क्रॉस म्हणतात. तो खोलला, तेव्हा आतल्या बेअरिंगच्या बारीक सुयांचा तांबडा भुगा केरूच्या तळहातावर पडला. ग्रीस केव्हाच सुकलं होतं. गाडी रिकामी असली की शाफ्ट सरळ राहायचा आणि ते खपून जायचं. माणसं बसून मागचा भाग दबला, शाफ्टचा कल बदलला, की झिजलेल्या सांध्याला तो वेग सोसायचा नाही.

केरू खड्ड्यातून वर आला. त्याचा चेहरा उतरला होता. "हा सुटला असता तर शाफ्ट रस्त्यात रुतला असता. घाटात असतास तर..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. "मी माणसं बसवून बघायला हवी होती."

"गाडी भरली की थरथरते, ता मीही सांगायला हवा होता," भिवा म्हणाला आणि तिथंच एका टायरवर बसला. डोळ्यांवर पट्टी बांधलेली म्हातारी त्याच्या नजरेसमोरून हलेना.

नवा क्रॉस बसला. भिवा घरी आला आणि दारातूनच म्हणाला, "गाडीच होती."

त्याला वाटलं होतं गुणवंती हसेल. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"दिवाळीपासून ह्या मनात धरून तुम्ही माझ्या शेजारी झोपताय," ती म्हणाली. "केरूला सांगितलात, भागोजीला सांगितलात. मी काय परकी?" तिचे डोळे भरून आले होते, आणि त्यामुळे ती अधिकच चिडली होती.

भिवा तिच्याजवळ जाऊन बसला. चुलीतलं लाकूड पुढे सारत तो म्हणाला, "भ्यालो होतो."

"ता कळला मना," ती म्हणाली, आणि त्याच्यापुढे ताट सरकवून पुन्हा चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी भिवा स्टँडवर गेला आणि लांबची भाडी घेऊ लागला. माणसं भरली, की साठाच्या पुढे गेल्यावर तो मान जराशी मागे वळवून मोठ्यानं विचारायचा, "काय हलताय काय हो?" बहुतेक वेळा उत्तर यायचं नाही. मागची माणसं झोपलेली असायची.