जास्वंदीवरचा पहारा

आमच्या उमेळ्याच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावरचे काका सगळ्यांवर संशय घेतात. गेटजवळची जास्वंदीची रांग त्यांनी स्वतः लावलेली. चार-पाच वर्षं झुडपं फुलांनी लगडायची आणि यंदा भर बहरात एकेक उभ्या उभ्या वाळू लागलं. काकांनी गॅलरीत खुर्चीच टाकली.

"कोणीतरी मुद्दाम करतंय," ते हळू आवाजात म्हणायचे. आधी वॉचमनच्या फिनाइलवर संशय, मग तळमजल्यावरच्या वहिनींच्या सुकट धुतलेल्या पाण्यावर. एकदा मी बाटलीतलं उरलेलं पाणी झाडाला घातलं, तर खाली येऊन त्यांनी मातीचा वास घेतला.

माणूस भलता टापटिपीचा. पाय पुसून झाले की पायपुसणंही झटकणार. दुधाची रिकामी पिशवीसुद्धा धुऊन, घडी घालून ठेवणार.

रविवारी आम्ही दोघांनी एक मेलेली जास्वंद उपटली. तिच्याबरोबर नर्सरीची काळी पिशवी अख्खी वर आली. भोकांतून निसटलेली दोन-चार मुळं सोडली, तर बाकीची आतच गोल गोल फिरून एकमेकांचा गळा आवळून बसली होती.

"लावताना पिशवी काढली नव्हती?" मी विचारलं.

"नव्या लाद्यांवर माती सांडली असती," काका पुटपुटले.

पिशवी झटकून, घडी घालून त्यांनी खिशात ठेवली. मग माझ्याकडे रोखून पाहिलं. "कोणाला बोलणार नाही ना?"

"नाही."

गॅलरीतली खुर्ची अजून तिथेच आहे. मी खाली कोणाशी बोलत थांबलो, की काका कठड्यावरून वाकतात.