दगडाला पंखा

एका उन्हाळ्यात मी रोज सकाळी अंघोळ आटोपून, देवापुढे दिवा लावून, जिवंत माशाचं लोणचं घालत होते. मला ते कळत नव्हतं, एवढीच काय ती माझी बाजू. नातवंडं आज मला हुशार आजी म्हणतात, कारण तेव्हाची ती बाई त्यांनी पाहिलेली नाही.

गोष्ट दोन हजार आठ-नऊच्या आसपासची. नागपूरला बहिणीकडे गेले होते. तिच्या शेजाऱ्यांकडे खाऱ्या पाण्याची मोठी काचपेटी होती. आत नारंगी-पांढरा जोकर मासा, आणि एका दगडाला चिकटलेली मऊ प्रवाळं, सदऱ्याच्या बटणांएवढी, हिरवीगार. शेजाऱ्यांची बदली झाली होती, पेटी मोडायची होती. "मासा आणि दगड घेता का?" त्यांनी गमतीने विचारलं. मीही गमतीने नाही म्हणायला हवं होतं. माझं माहेर तलाव बांधणाऱ्यांचं. पाण्याचं मला कोणी शिकवू नये, असा तोरा. मी हो म्हणून बसले.

त्यांनी छोटा पंप दिला, समुद्री मिठाची अर्धी बादली दिली, आणि पाण्यातला खारेपणा सांगणारं एक काटेवालं प्लास्टिकचं यंत्र दिलं. परतताना गाडीत मांडीवर झाकणाचा डबा. समोरच्या बाईने विचारलं, "मछली है क्या? ताजी दिखती है."

"पालने की है."

ती पूर्ण प्रवासभर माझ्याकडे कीव करत पाहत होती.

घरी, गोंदियात, खिडक्यांची तावदानं कापणाऱ्याकडून छोटी पेटी चिकटवून घेतली. जुन्या शिलाई मशीनच्या लोखंडी स्टँडवर फळी टाकली, फळीवर पेटी. यजमान एवढंच म्हणाले, "फुटली तर पुसायचं तुला." फुटली नाही. थंडीभर बटणं उघडी राहिली, मासा मजेत. मी मोहल्ल्यातल्या बायकांना बोलावून बोलावून समुद्र दाखवला. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींनी खरा पाहिला नव्हता. मीही नव्हता, पण ते मी बोलले नाही.

मग आपल्याकडचा मे महिना आला. पाणी कोमट झालं. पाणी गार करणाऱ्या यंत्राची किंमत ऐकून मी फोन ठेवून दिला. बहिणीच्या त्याच शेजाऱ्यांनी फोनवर उपाय सांगितला: पाण्यावर पंख्याचा वारा सोडा. घरात टेबलफॅन एकच, आणि तो सासूबाईंचा. त्या चिचगडला थोरल्या दिरांकडे असत, उन्हाळ्यापुरत्या आमच्याकडे येत, स्वतःचा पंखा घेऊन. कूलरचा दमट वास त्यांना सोसत नसे. एका दुपारी त्या शेजारी बसायला गेल्या, तशी मी पंखा पळवला.

पाणी खरंच गार झालं. फक्त भराभर उडायला लागलं. रोज बोटभर पातळी खाली. मी काय करावं? समुद्राचं पाणी कमी झालं तर समुद्राचंच पाणी घालायचं, हे माझं गणित. रोज सकाळी मीठ कालवून ओतायची. काटा वर वर चढत पार टोकाला जाऊन टेकला, तर मी यंत्रालाच नावं ठेवली. फुकटचं ते फुकटचंच म्हटलं आणि फडताळात टाकून दिलं. वीज गेली की पुठ्ठ्याने पेटीला वारा घालायची, पळीने पाणी ढवळायची, आणि पलीकडे खाटेवर सासू घामाने निथळून राहिलेली.

बटणं मिटली. मासा कोपऱ्यात जाऊन धापा टाकू लागला.

"माहा पंखा अन् दगडाले?" सासूबाईंनी एका दुपारी विषय काढलाच.

"दगड नाही आई, जीव आहे तो. ती बटणं उघडतात, मिटतात."

"मंग उघडून दाखव."

"आत्ता मिटलीत."

"मी आली तवापासून मिटूनच आहेत. बाजाराच्या दिवसापावेतो उघडली तं ठीक. नाही तं पंखा माह्या खाटेपाशी. मंग तुहा समुद्र उकडो का शिजो."

पंखा गेला असता तर त्या उन्हात दोन दिवसांत सगळं संपलं असतं. मी घाबरले, आणि घाबरून आणखी मिठाचं पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी वरण गॅसवर विसरले. आटून गोळा झालं. मी सवयीने त्यात गरम पाणी ओतलं, हाताने मिठाचा डबा उघडला आणि हात तिथेच थांबला. आटलेल्या वरणात कोणी पुन्हा मीठ घालतं का? पाणी उडतं, मीठ कुठे जातं? मी तशीच पेटीपाशी गेले, बोट बुडवून जिभेवर ठेवलं. लिंबाच्या लोणच्याचा खार बरा. इतकी वर्षं स्वयंपाक करणारी बाई, आणि तिने आपला समुद्र एकदाही चाखला नव्हता.

बहिणीच्या त्या शेजाऱ्यांना फोन केला. ते आधी मनसोक्त हसले, मग म्हणाले, "एकदम गोडं पाणी घालू नका, मरतील. हळूहळू." मग काय, खारं पाणी थोडं काढायचं, फिल्टरचं गोडं पाणी लोट्या-लोट्याने घालायचं. फडताळातलं यंत्र बाहेर आलं. काटा रोज जरासा उतरायचा. मासा कोपऱ्यातून बाहेर आला. बटणं मात्र मिटलेलीच.

बाजाराचा दिवस उजाडला. सासूबाई सकाळीच पेटीपाशी हजर. त्यांनी भिंतीवरचं बटण दाबून पंखा बंद केला. पात्यांची घरघर थांबली, पाण्यावरच्या लाटा विरल्या, आणि इतके दिवस थरथरताना दिसणारा तळ एकदम स्वच्छ दिसला.

दगडाच्या एका कडेला सात-आठ हिरवी बटणं पूर्ण उघडली होती. एकेकाला बारीक झालर, मधोमध इवलंसं तोंड.

मला नाचावंसं वाटलं. पदर खोचून मी तशी उभीच राहिले, बक्षीस घ्यायला आल्यासारखी. सासूबाई वाकल्या, काचेला नाक टेकवून बराच वेळ बघत राहिल्या. मग हात मागे नेऊन त्यांनी पंखा पुन्हा चालू केला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "उभी काऊन आहेस वो? तोंड उघडून बसले बिचारे, काही खायले दे ना त्याहिले."