पसंत या शब्दाची दुरुस्ती

कसबा पेठेतल्या धडफळे टायपिंग इन्स्टिट्यूटच्या दारावर पाटी होती : ‘नखे कापून यावे. इथे कापून मिळणार नाहीत.’ पाटी रंगनाथ धडफळे सरांनी स्वतः रंगवली होती आणि त्यांचा सगळा स्वभाव तिच्यात उतरला होता. उभी हयात त्यांनी पोरापोरींना टायपिंग शिकवलं. कागद हातात आला की आधी चुका शोधायच्या, मजकूर नंतर वाचायचा, ही त्यांची रीत. एका मुलीने अर्जात ‘विनंती’चं ‘विनती’ केलं, तर म्हणाले, "छान. अर्धी नोकरी नक्की मिळेल." मुलगी रडली. पण पुन्हा तो अनुस्वार जन्मात विसरली नसेल.

मग कॉम्प्युटर आले आणि टाइपरायटर भंगारात गेले. सर हळहळले, चिडले, आणि त्यांची एकुलती एक मुलगी कल्याणी हिंजवडीला कॉम्प्युटरच्याच कंपनीत लागली तेव्हा तिला "घरभेदी" म्हणाले. तिच्या पहिल्या पगाराचे पेढे मात्र गल्लीभर स्वतः वाटत फिरले. त्यांचं प्रेम असं होतं. समोरच्याने ते शोधून काढायचं.

त्याच कंपनीतला चेतन गजभिये एकदा कल्याणीबरोबर घरी आला. लग्नाचं दोघांनी मनाशी ठरवलं होतं. चेतनचं घर मूळचं भंडाऱ्याकडचं, वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. गजभिये बौद्ध, धडफळे ब्राह्मण. सरांनी आडनाव विचारलं, ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "यापुढे नाव सांगताना आडनाव आधी सांगत जा. समोरच्याचा वेळ वाचतो."

चेतन चहा न घेता उठला. ते वाक्य खडकीला त्याच्या घरी पोचलं. असली वाक्यं पोचतातच.

त्याला वर्ष झालं नसेल, सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, पाय लुळा पडला आणि जीभ गेली. डोकं शाबूत होतं, हीच शिक्षा. बोलू लागले की नुसती घरघर यायची, म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं. डाव्या हाताने लिहिलेलं त्यांचं त्यांनाच लागेना. भेटायला आलेली माणसं त्यांच्यासमोरच त्यांच्याविषयी बोलायची, "जेवतात का हो?" असं त्यांच्या बायकोला, जयाबाईंना विचारायची, आणि ज्यांच्या जिभेला सगळी पेठ टरकून होती ते धडफळे सर भिंतीकडे बघत बसायचे.

अशात चेतनने आपला एक जुना हँडहेल्ड कॉम्प्युटर कल्याणीच्या हाती पाठवला. मोठ्या पाकिटाएवढा, उघडला की आत इवलासा इंग्रजी कळफलक आणि वर राखाडी पडदा. पडद्यावर टोचायला एक प्लास्टिकची काडी. जयाबाई त्याला डबी म्हणत. डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करणं म्हणजे दहा बोटांच्या माणसाची विटंबनाच. पण सरांनी आढेवेढे घेत घेत ती डबी घेतली आणि रोमन अक्षरांत मराठी लिहायला लागले.

आणि डबी त्यांच्या चुका काढायला लागली! तिच्यात इंग्रजीचा शब्दकोश होता. मराठी शब्द दिसला की तिला ती इंग्रजीतली चूक वाटे, आणि कुणी न सांगता ती शब्द बदलून टाकी. हे बंद करायची सोय कुठे सापडेना. शेवटी चेतन स्वतः आला. लागोपाठ काही रविवार तो सरांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसून डबीशी झटापट करत होता. अखेर त्याला युक्ती सापडली. भाषांच्या यादीत जर्मन होती, पण जर्मन शब्दकोश डबीत भरलेलाच नव्हता. जर्मन निवडली की डबीला काहीच कळेनासं होई आणि ती गप्प बसे.

सरांनी टाइप केलं : ‘ज्याला काही कळत नाही तो गप्प बसतो. असा पुण्यात हा पहिलाच.’

चेतन खळखळून हसला. झटक्यानंतर कुणी सरांच्या बोलण्यावर हसलं होतं ते पहिल्यांदाच. त्या मुलाने एकदाही आडनावाचा विषय काढला नाही, आणि तेच सरांना सलत राहिलं. त्याने भांडण काढलं असतं तर बरं वाटलं असतं. भांडणात सर कधी हरले नव्हते.

पुढे चेतन कामासाठी अमेरिकेला गेला. जाण्याआधी त्याने कल्याणीला स्पष्ट सांगितलं, "एकदा दोन्ही घरं समोरासमोर बसू देत. पण माझे आईवडील तुमच्याकडून अपमान होऊन उठले, तर मी त्यांना पुन्हा तुमच्याकडे पाठवणार नाही. आणि त्यांना दुखवून लग्नही करणार नाही." कल्याणीने हे वडिलांना जसंच्या तसं ऐकवलं. सरांनी लिहिलं, ‘येऊ देत.’

रविवार ठरला. नेमकं त्याच दिवशी कल्याणीला कंपनीत बोलावणं आलं. "संध्याकाळपर्यंत पोचते. बाबा, तोवर नीट..." एवढं बोलून ती थांबली. नीट काय, ते दोघांनाही माहीत होतं.

दुपारी जयाबाईंनी चटणी वाटायला मिक्सर लावला आणि त्यासाठी डबीच्या चार्जरची पिन काढून ठेवली. परत लावायची राहिली. सरांनी पाहुण्यांच्या तयारीने डबी उघडली तर पडदा मेलेला. घाईघाईने पिन लावली. डबी जागी झाली ती नव्या नवरीसारखी, घरातलं काहीच ठाऊक नसल्यागत. इंग्रजीत स्वागत केलं, तारीख विचारली. चेतनने एकदा सांगितलं होतं : बॅटरी पार संपली की आतलं सगळं पुसलं जातं. म्हणजे जर्मन गेली. इंग्रजी परत आली. भाषा बदलायची वाट चेतनने दाखवली होती, पण सरांनी स्वतः ती कधी चालून पाहिली नव्हती. त्यांनी काडी हातात घेतली आणि बेल वाजली.

आनंदराव गजभिये उंच, ताठ, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले. वेणूबाई त्यांच्या मागे, पदर नीट खांद्यावर, हातातली पिशवी खाली न ठेवता. जयाबाईंनी "या, या" केलं. सरांनी घाईने ‘नमस्कार, बसा’ असं टाइप केलं आणि डबी पुढे धरली.

आनंदरावांनी चष्मा लावून वाचलं. "नमस्कार. बस्स."

सरांनी डबी वळवून पाहिली. ‘बसा’च्या शेवटचा ए डबीने खाल्ला होता आणि एक एस जादा घातला होता.

"बसा म्हणतायत हो!" जयाबाई हसून म्हणाल्या. कुणी हसलं नाही. वेणूबाई खुर्चीच्या कडेला टेकल्या.

सरांनी डबी मांडीवर ओढली. आता आधी भाषा बदलायची, मग बोलायचं. काडीने ते एक एक चित्र टोचू लागले. घड्याळ उघडलं. ते बंद केलं तर हिशेबाचं काहीतरी उघडलं. पाहुण्यांना मात्र एवढंच दिसत होतं, की आपण समोर बसलोय आणि घरमालक खेळण्यात दंग आहे.

"धडफळे साहेब," आनंदराव म्हणाले, "आपण सरळच बोलू. चेतनच्या आईला इथं यायचं नव्हतं. मीच म्हटलं, माणूस आजारी आहे, एकदा जाऊन येऊ. तुम्हाला हे लग्न मान्य आहे का? एका शब्दात सांगा. लांबण नको."

जयाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. सगळेच बघत राहिले. आता काडी घेऊन टोचत बसलो तर यांना वाटेल मी टाळतोय, हे सरांना कळलं. त्यांनी मनाचा हिय्या केला आणि दोनच शब्द टाइप केले. मुलगा पसंत. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ज्या शब्दावर लग्नं जुळली, तोच शब्द. बोट उचललं, नजर वर जाऊन पडदा तपासणार, तोवर आनंदरावांनी हात पुढे केला आणि डबी घेतली.

पसंत म्हणजे काय, हे त्या अमेरिकन शब्दकोशाला कोण सांगणार? पी या अक्षरापुढे एक ई राहून गेला असेल, असं त्याने धरलं आणि उदार मनाने घालून दिला.

आनंदरावांनी वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांच्या कानशिलाजवळची शीर हलली.

"काय म्हणतात?" वेणूबाईंनी विचारलं.

"पेझंट," आनंदराव शांतपणे म्हणाले. "इंग्रजी शब्द आहे. खेडूत. दुसऱ्याच्या शेतात राबणारा गावंढळ." त्यांनी डबी टीपॉयवर ठेवली. "बरोबर आहे साहेब. माझा बाप दुसऱ्याच्या धानात गुडघाभर चिखलात राबला. मला त्याची लाज नाही. चला, वेणू."

सर घशातून ओरडले. नुसती घरघर आली. त्यांनी जयाबाईंकडे पाहिलं. निदान तिने तरी सांगावं, की हे असं म्हणणार नाहीत. पण जयाबाई खाली मान घालून उभ्या होत्या. डोळ्यांत पाणी होतं आणि राग होता. तिलाही खरं वाटलं होतं! इतकी वर्षं संसार केलेल्या बाईलाही हा शब्द आपल्या नवऱ्याचाच वाटला, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. सरांना लाज वाटली. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती.

त्यांनी टीपॉयवरून डबी ओढली. बाहेर चपलांचा आवाज आला. काडी हातातून निसटली, खुर्चीखाली गेली. जाऊ दे. नखाने टोचलं. सेटिंग्ज. त्यात कळफलक. त्यात शब्दकोश. भाषांची यादी उघडली. नख घसरलं आणि फ्रेंचवर पडलं. मागे. पुन्हा यादी. "अहो, थांबा ना, पाणी तरी," जयाबाई दाराशी कळवळून म्हणत होत्या. जर्मन. डबीने विचारलं, हा शब्दकोश सापडत नाही, तरी पुढे जायचं का? जायचं! जायचं!

सर डबी काखेत मारून भिंतीला धरून उठले. लुळा पाय फरफटत दारापर्यंत आले. आनंदराव जिना उतरायच्या बेतात होते. सरांनी दाराच्या चौकटीला खांदा टेकला, डबी डाव्या हाताने छातीशी धरली आणि अंगठ्याने एकेक अक्षर दाबलं. या वेळी पडद्यावरून नजर हलवली नाही. मग डबी पुढे केली.

आनंदरावांनी घेतली नाही. शेवटी वेणूबाईंनी घेऊन नवऱ्यासमोर धरली.

"‘मुलगा पसंत’," आनंदरावांनी सावकाश वाचलं. "‘आधीचा शब्द यंत्राने घातला.’"

"अगं बाई!" जयाबाई मटकन पायरीवर बसल्या. "डबी शब्द बदलते हो! चेतननेच दुरुस्त केली होती. आज मी मेलीने पिन काढली..."

आनंदराव डबीकडे बघत राहिले. त्यांच्या खांद्यांतला ताठा जरासा उतरला. पण वेणूबाईंचा चेहरा हलला नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "हा शब्द यंत्राचा. ‘आडनाव आधी सांगत जा’ म्हणालात, तवा कोणतं यंत्र होतं?"

सरांनी आयुष्यभर लोकांना निरुत्तर केलं होतं. निरुत्तर होणं कसं असतं ते आता कळत होतं. त्यांच्या मनात कारणं येऊन गेली. वेळ वेगळी होती. गमतीने बोललो. मुलीची काळजी होती. सगळी कारणं शुद्ध भाषेतली, आणि सगळी खोटी.

त्यांनी डबी परत घेतली. मग थोडीशीच अक्षरं दाबली गेली.

आनंदरावांनी वाचलं, "‘तेव्हा मीच.’"

वेणूबाई थांबल्या. सरांनी आणखी एक शब्द टाइप केला आणि या वेळी डबी थेट त्यांच्याच हातात दिली. वेणूबाई खडकीला बालवाडीत शिकवत. रोमन अक्षरं त्यांनी मुलांना शिकवतात तशी बोटाने जुळवत वाचली.

"चु... क... लो."

सरांनी परत घ्यायला हात पुढे केला. वेणूबाईंनी डबी दिली नाही. आधी त्यांनी पायातल्या चपला काढल्या.

"हे पुसू नका," त्या म्हणाल्या. "चेतन आला की त्याला दाखवा."