पार्किंगचा स्क्रू

तोंड बघून माणसाची ओळख ठेवणारे पुष्कळ असतात. पायवाले मात्र खालून सुरुवात करायचे. समोरून कोणी आलं की त्यांची नजर आधी घोट्यावर, मग गुडघ्यावर, आणि मनात आलंच तर चेहऱ्यावर. बायको म्हणायची, पहिल्यांदा भेटलो तेव्हा या माणसाने तासभर माझ्या चपलांशीच गप्पा मारल्या. पायवाले हे नाव पडायचं कारण अगदी साधं होतं. ज्यांचे पाय गेले, त्यांना ते नवे करून द्यायचे. त्यांच्या कामाच्या खोलीत भिंतीला पाय, कपाटात पाय, टेबलावर अर्धवट घासलेले पाय. एकदा नवीन पोस्टमन आत डोकावला आणि पाकीट उंबऱ्यावर टाकून जो पळाला, तो पुन्हा काही आत आला नाही.

हा धंदा त्यांनी धरला तो ताईपायी. ताई म्हणजे सख्खी मोठी बहीण. शाळेत असताना ट्रकखाली तिचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. त्या वेळी जो पाय मिळाला तो असा होता, की ती चालायला लागली की आख्खी गल्ली वळून बघायची. धाकटा भाऊ शेजारून चालायचा आणि बघणाऱ्यांना जीभ काढून दाखवायचा. पण जीभ काढून किती दिवस भागणार? मोठा झाल्यावर तो पाय करायला शिकला. एकच ध्यास, ताईकडे कोणी वळून बघता कामा नये. करायचा, मोडायचा, पुन्हा करायचा. केस पांढरे झाले तेव्हा कुठे मनासारखा पाय जमला. आवाज नाही, झोल नाही, हिसका नाही. ताई रस्त्याने निघाली तर कोणी ढुंकून बघेना. पायवाल्यांना यापेक्षा मोठं बक्षीस नको होतं.

आणि इथंच घोडं अडलं.

ताई एका मोठ्या बाजाराच्या इमारतीत, पडद्यांच्या कापडाच्या दुकानात कामाला होती. दिवसभर टेबलाशी उभं राहून कापड कापायचं. इमारतीपुढे मैदानाएवढं पार्किंग, आणि दारालगत अपंगांसाठी राखलेल्या दोन जागा, जमिनीवर व्हीलचेअरचं चित्र काढलेल्या. आता भावाने केलेला पाय कितीही गुणी असला तरी वर उरलेला पाय ताईचा होता, हाडामांसाचा. पार्किंगच्या त्या टोकापासून चालत आलं की नव्या पायाच्या वाटीत, जिथे उरलेला पाय बसतो तिथे, कातडी घासली जायची, दुपारपर्यंत रक्त यायचं आणि उभं राहणं बंद. मालकाने आधीच सुनावलं होतं, बसून पडदा कापता येत नाही, जमत नसेल तर तसं सांगा. म्हणजे दाराजवळची जागा गेली की नोकरी गेली.

पण ताई गाडीतून उतरायची, ताठ चालायला लागायची, आणि लोकांच्या पोटात दुखायला लागायचं. आधी वॉचमनच्या. मग पिशव्यांवाल्या एका गृहस्थांच्या. हे रोज सकाळी बाजार उरकून पार्किंगमध्ये ऊन खात उभे राहायचे आणि दुसऱ्याच्या भानगडीत बिनपगारी लक्ष घालायचे. ताईने काचेवरचं कार्ड दाखवलं, तर म्हणाले, असली कार्डं लोक सासऱ्याची उचलून लावतात. तिने सांगितलं की माझा एक पाय कृत्रिम आहे. त्यांनी तिला नखशिखांत न्याहाळलं आणि सांगितलं की कृत्रिम पाय त्यांनी चांगला पाहिलाय, त्यांच्या साडूला आहे, तो असा नसतो. घ्या! वॉचमनचं म्हणणं वेगळंच. चित्रात व्हीलचेअर आहे, तुमची कुठंय? एका सज्जन बाईंनी तर तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, इतकं छान चालता येतंय ना, मग नशिबाचे आभार माना आणि गाडी मागे घ्या.

रोज सकाळी ही सुनावणी. रोज कामावर उशीर. मालक घड्याळाकडे बघायला लागला. शेवटी एका संध्याकाळी ताई भावाच्या खोलीत आली, स्टुलावर बसली, पाय काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हा जरा वाईट करून दे."

"वाईट म्हणजे?"

"लंगडायला पाहिजे. आणि वाजला तर फारच बरं."

त्या दिवशी पायवाल्यांना जेवण गेलं नाही. स्वयंपाक करणाऱ्याला कोणी सांगावं, उद्यापासून भाजी करपवून वाढ, तसं झालं. आख्ख्या जन्माची माती केली, असं काय काय ते भिंतीकडे बघून बोलत बसले. बायकोने बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग विचारलं, वन्संची नोकरी मोठी की तुमची कारागिरी?

मग मधला मार्ग निघाला. त्यांनी घोट्यात एक स्क्रू बसवला. अर्धा फेरा सैल केला की पाय दर पावलाला खटक् करून बाहेर कलायचा. आवळला की पुन्हा गरीब गाय. त्याची छोटी वाकडी चावी ताईच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली. घरात त्याला पार्किंगचा स्क्रू म्हणायला लागले.

आणि काय सांगावं! पहिल्याच सकाळी ताई खटक् खटक् करत निघाली, तर वॉचमन दार उघडायला धावला. गृहस्थ पिशव्या खाली ठेवून चुकचुकले. सज्जन बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. आत गेल्यावर ताई खांबाआड वाकायची, स्क्रू आवळायची आणि ताठ चालत टेबल गाठायची. हा हा म्हणता ही बातमी पायवाल्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांत पसरली. एकेक जण लाजत लाजत यायचा आणि ते खटक्याचं आम्हालाही बसवून मिळेल का, असं विचारायचा. एकाला तर दोन तऱ्हा हव्या होत्या, बँकेच्या रांगेसाठी थोडं लंगडणं आणि पार्किंगसाठी भरपूर. पायवाले स्क्रू बसवून द्यायचे आणि आतल्या आत जळायचे. जे साधायला उभा जन्म घालवला, ते अर्ध्या फेऱ्यात उलटं करून देण्याच्या धंद्याला बरकत आली होती.

मग एकदा खटका नीट वाजेना, म्हणून ताई भावाला गाडीत घालून बरोबर घेऊन गेली. जागेवर गाडी लावली, दार उघडलं, पाय बाहेर काढला, चावीने स्क्रू सैल केला आणि लंगडत दोन पावलं टाकली. गृहस्थ नेमके शेजारच्या गाडीआड उभे होते.

"पाहिलं मी! ही बाई लंगडायचं नाटक करते. आत्ता स्क्रू फिरवला आणि लगेच लंगडायला लागली."

माणसं जमायला कितीसा वेळ लागतो? वॉचमन आला, सज्जन बाई आल्या, कधी न बघितलेले लोकही आले. सगळ्यांचं म्हणणं एकच, या बाईने आम्हाला फसवलं. पायवाले घाईघाईने दुसऱ्या बाजूने उतरले. गाडीत पाय आखडून बसल्यामुळे त्यांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, म्हणून ते लंगडतच पुढे आले. वॉचमनने धावत जाऊन आपली खुर्ची आणली आणि त्यांना बळेच तिच्यावर बसवलं. बघा, म्हणाला, जागा यांच्यासारख्यांसाठी असते. पायवाले सांगत होते की अहो, मला काही झालेलं नाही. त्यावर सज्जन बाई गहिवरून म्हणाल्या की जे खरे असतात ते कधी कुरकुर करत नाहीत.

पायवाल्यांनी गृहस्थांना विचारलं, "स्क्रू कुठे फिरवला म्हणालात?"

"पायात."

"माणसाच्या पायात स्क्रू असतो का हो?"

गृहस्थ लोकांकडे वळून म्हणाले, तेच तर सांगतोय मी, किती तयारीने येतात बघा! लोकांनी माना डोलावल्या.

ताई गाडीच्या सीटवर टेकली, पँटचा पाय वर सारला, पाय काढला आणि वॉचमनच्या हातात दिला.

"धरा."

वॉचमनने तान्हं मूल धरावं तसा तो दोन्ही हातांनी धरला. पण हार मानतील तर ते गृहस्थ कसले? म्हणाले, पाय नाही हे मान्य, पण मग इतके दिवस चांगल्या कशा चालत होत्या?

पायवाले खुर्चीवरून ताडकन उठले. "कारण तो पाय मी केलाय. ती सरळ चालावी, तुमच्यासारख्यांनी तिच्याकडे वळून बघू नये, म्हणून जन्म घालवला मी. चुकलं का माझं?" बोलता बोलता ते भर पार्किंगमध्ये रडायला लागले. ताईने बसल्या बसल्या त्यांचा हात धरला. लोक खाली मान घालून पांगायला लागले. पाय अजून हातातच धरलेल्या वॉचमनने हळूच विचारलं, हा कुठे ठेवू?

जागा टिकली. नोकरीही टिकली. वॉचमन तर असा पालटला की विचारू नका. ताईची गाडी फाटकात दिसली की तो आख्ख्या पार्किंगला ऐकू जाईल असा ओरडायचा, वाट सोडा, पाय नसलेल्या बाई आल्या! गृहस्थ नव्या माणसांना बोट दाखवून समजावायचे, तो डावा, डावा बघा. एकदा एका हृदयाच्या रुग्णाने पलीकडच्या राखीव जागेवर गाडी लावली, तर वॉचमन म्हणाला, काढून दाखवा. काय काढून दाखवू? जे काय असेल ते, आमच्या बाईंनी दाखवलं की. तो म्हणाला, माझं हृदय कमजोर आहे. वॉचमन फार विचारात पडला आणि त्याने त्या माणसाला उद्या यायला सांगितलं.

ताईने स्क्रू काढून घ्यायला लावला. पायवाल्यांनी भोक बुजवलं, घासून गुळगुळीत केलं. पाय पहिल्यासारखा झाला, पण आता ती फाटकापासून टेबलापर्यंत जायची तेव्हा सगळे डोळे तिच्या घोट्यावर. कापड घ्यायला आलेली माणसं पडद्याआडून वाकून बघायची. सगळ्या बाजारात त्या पायाइतकं कशाकडेच कोणी बघत नव्हतं. पायवाले हे घरी कोणाशी बोलले नाहीत, पण त्यांनी नवा पाय करायला घेणं बरेच दिवस टाळलं.

मग बाजार बंद असायचा त्या दिवशी ताईचा फोन आला, चल म्हणाली. पार्किंग रिकामं होतं, वॉचमनसुद्धा नव्हता. तिने गाडी मुद्दाम दारापासून लांब, अगदी त्या टोकाला लावली.

"ताई, कातडी सोलवटेल. उद्या दुखेल."

"उद्याचं उद्या. तू तिकडे तोंड कर. तूही बघायचं नाहीस."

पायवाले भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. जन्मभर ज्या माणसाने लोकांचे पायच बघितले, त्याला हे सोपं नव्हतं. मागे ताई चालायला लागली. आधी जवळून, मग दूरवरून, पावलं वाजत राहिली, एकसारखी. कान देऊन देऊनही त्यांना त्यातला आपण केलेला पाय कोणता आणि तिचा कोणता ते कळेना. डोळे भरून आले होते, पण ताईने सांगितलं होतं म्हणून त्यांनी वळून बघितलं नाही.