चौथ्या मजल्याचा आकडा

ऑफिसात त्यांना सगळे दीडकाका म्हणत, पाठीमागे दीडशहाणे. भूकंप आला तर पाइप तुटेल का, हे कागदावर ठरवणं हा त्यांचा धंदा. त्यासाठी पाइपाच्या वजनाचा काही हिस्सा जोर म्हणून आडवा लावून बघायचा. किती हिस्सा, तिथेच सगळी मेख. झाड बुंध्यापेक्षा शेंड्याला जास्त हलतं, तशीच इमारत. म्हणून वरच्या मजल्याला आकडा मोठा. शिवाय पाइप स्वतः कसा डोलेल हे ठाऊक नसेल, तर त्याच्याही दीडपट. काकांनी हे दीड कधी सोडलं नाही. घरचं कपाटसुद्धा त्यांनी आठ बोल्टांनी भिंतीला आवळलं होतं.

"भूकंपात आपण जाऊ, कपाट राहील," बायको म्हणायची.

निवृत्तीला दोन महिने उरले आणि एका कारखान्याचं काम आलं. चौथ्या मजल्यावर वाफेचा जाडजूड पाइप. काकांचा आकडा निघाला वजनाच्या नव्वद टक्के. साहेबांनी जमिनीचा धरला होता, वीस.

"साहेब, पाइप चौथ्या मजल्यावर आहे हो."

"आणि इमारत कुठे आहे काका? जमिनीवरच ना? पाइपाचे आधार बनून आलेत. करा सही आणि सुखाने घरी जा."

काका तीन दिवस कुरकुरले. चौथ्या दिवशी त्यांनी विसाच्या गणितावर सही केली.

वर्षभराने मुलीला नोकरी लागली. त्याच कारखान्यात, त्याच मजल्यावरच्या प्रयोगशाळेत. काकांनी कारखान्याला पत्र लिहिलं: आकडा चुकलाय, आधार वाढवा. कारखान्याने ते ऑफिसकडे धाडलं. ऑफिसचं एका ओळीचं उत्तर आलं: सदर गणितावर सही आपलीच आहे.

रविवारी जेवताना त्यांनी विचारलं, "तुझं टेबल कुठे गं?"

"मोठ्या पाइपाखाली. मस्त ऊब असते. त्या जागेवरून भांडणं होतात, बाबा!"

"खिडकीपाशी घे. उजेड असतो."

"उजेडात स्क्रीन दिसत नाही."

"अगं, पण तो पाइप..."

"माहितीये! फायलीत तुमची सही बघितली मी. सगळ्यांना दाखवली. आता भूकंप आला तर कुणी जिन्याकडे पळणार नाहीये. सगळे माझ्या टेबलाशी येणार, ठरलंय आमचं."

बायको कौतुकाने हसली. काकांनी घास ताटात ठेवला. मग ते उठले, पाना शोधून आणला आणि कपाटाचे बोल्ट आवळायला लागले. एकही फिरेना. सगळे आधीच घट्ट होते.